शाळेच्या बॉण्डला मत देण्याआधी यादी वाचा

पत्राचा सारांश: कॅलिफोर्नियात, बे एरियात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं हे पत्र. वय ६१. नवरा-बायको दोघंही आता अमेरिकन नागरिक आहेत. १९९८ साली घेतलेल्या घरातच अजून राहतात. दोन्ही मुलं तिथल्याच पब्लिक स्कूलमध्ये शिकली आणि नोकरीसाठी दुसऱ्या राज्यांत गेली. यजमान जन्मभर कारखान्यांच्या खर्चाचे हिशेब बघत आले, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. येत्या नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर त्यांच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, ४० कोटी डॉलरचा बॉण्ड आहे: इमारतींसाठी काढायचं आणि मालमत्ता करातून फेडायचं कर्ज. घराच्या असेस्ड व्हॅल्यूमागे, म्हणजे करासाठी धरलेल्या किमतीमागे, दर एक लाखाला वर्षाला ४५ डॉलर जादा कर बसेल.

यजमान म्हणतात, ‘एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो, तो जातो कुठे? पट घटतोय आणि हे इमारती बांधणार. ४० कोटी उचलून व्याजासकट ७४ कोटी फेडायचे. गेल्या बॉण्डचं काय झालं ते कुणी सांगत नाही. आणि आपली मुलं तर शिकून गेली.’ दुसरीकडे त्यांची एक मैत्रीण रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. ती एच-वन व्हिसावर आहे, मतदान करू शकत नाही, तिची दोन मुलं याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकतात. तिचं म्हणणं, ‘तुमची दोन मतं म्हणजे आमच्या मुलांची मतं.’ अंगणात पाटी लावा आणि ओळखीच्या मराठी घरांना फोन करा, असा तिचा आग्रह आहे. भगिनी लिहितात: ‘माझे वडील सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. गावाने वर्गणी काढून शाळेच्या दोन खोल्या बांधल्या, एक पैसा कर्ज काढलं नाही. इथल्या एवढ्या श्रीमंत गावाला शाळेचं छप्पर दुरुस्त करायला कर्ज का लागतं? “नाही” म्हटलं तर मी कृतघ्न ठरेन का? “हो” म्हटलं तर घरात रोजची धुसफूस.’ पत्रासोबत त्यांनी बॉण्डच्या कामांची यादीही पाठवली आहे.

ताई,

आधी यजमानांचा पहिला प्रश्न घेते, कारण तो रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुमच्याच घरात, कागदांच्या फायलीत आहे. दर ऑक्टोबरमध्ये काउंटीकडून प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं ते बाहेर काढा. सगळ्यात वरची, मोठ्या रकमेची ओळ असते ती एक टक्क्याची. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी थेट मंजूर केलेल्या कायद्याने, हा दर बांधून दिला आणि असेस्ड व्हॅल्यू वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, असंही ठरवून टाकलं. घर विकलं गेलं की ती नव्याने बाजारभावाला येते. या एक टक्क्यात काउंटी, शहर, शाळा, कॉलेज अशा सगळ्यांचा वाटा असतो. शाळांचा वाटा आणि राज्याकडून मुलांच्या हजेरीप्रमाणे मिळणारे पैसे हे बहुतेक पगारात, बसमध्ये, विजेत, पुस्तकांत जातात. त्या ओळीच्या खाली बारीक अक्षरांत आणखी काही ओळी असतात. कम्युनिटी कॉलेजचा बॉण्ड, शाळेचा जुना बॉण्ड, आणि त्याखाली ठरावीक रकमेचे पार्सल टॅक्स. मतदारांनी वेळोवेळी मंजूर केलेल्या या ओळी. यजमानांनी जन्मभर ताळेबंद वाचले आहेत, त्यांना त्या पाच मिनिटांत कळतील. त्यांनी फक्त बॉण्डच्या ओळींची बेरीज करावी आणि कुठला बॉण्ड कोणत्या वर्षी फिटतो तेही शोधावं. जुना बॉण्ड फिटत आला असेल तर ‘कराचा दर वाढणार नाही’ असा प्रचार केला जातो. तो खोटा नसतो, पण अर्धा असतो. नवा बॉण्ड नसता तर दर कमी झाला असता, हा उरलेला अर्धा भाग.

आता तुमचं घर. पत्रात तुम्ही असेस्ड व्हॅल्यू ५,९२,००० डॉलर दिली आहे. लाखाला ४५ म्हणजे वर्षाला साधारण २६६ डॉलर, महिन्याला २२. तुमच्याच गल्लीत २०२२ साली कुणी १८ लाखांना घर घेतलं असेल तर त्याची व्हॅल्यू आता १९ लाखांच्या आसपास असेल आणि तो साधारण ८६० डॉलर भरेल. मैत्रीण भाड्याच्या घरात राहते. तिच्या घरमालकाने अलीकडे घर घेतलं असेल तर तो हे पैसे भाड्यातून काढायचा प्रयत्न करणारच. ज्यांना मत नाही त्यांच्या खिशातूनही हा बॉण्ड फेडला जातो, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. तुम्ही दोघं जुने घरमालक असल्यामुळे प्रपोझिशन १३ चा मोठा लाभ तुम्हाला झाला आहे. हे बोलून दाखवायला जरा अवघड वाटतं, पण ‘एवढा टॅक्स भरतो’ म्हणताना शेजारच्या तरुण जोडप्याचं बिलही डोळ्यांपुढे असावं.

‘श्रीमंत गावाला छपरासाठी कर्ज का?’ छप्पर, वायरिंग, जमिनीखालचे पाइप ही तीस-चाळीस वर्षं टिकणारी कामं. ती एका वर्षाच्या बजेटमधून करायची तर त्या वर्षी शिक्षक कमी करावे लागतील. आणि पुढची तीस वर्षं ते छप्पर वापरणाऱ्या मुलांच्या घरांनी त्यासाठी काहीच भरलेलं नसेल. दीर्घ मुदतीच्या कामाला दीर्घ मुदतीचं कर्ज यात गैर काही नाही. मात्र त्याला जोडून एक प्रश्न विचाराच. राज्याकडून इमारतींसाठी पैसे घेणाऱ्या डिस्ट्रिक्टने दरवर्षीच्या खर्चाच्या ३ टक्के रक्कम नेमाने देखभालीसाठी बाजूला ठेवायची असते. तुमचं डिस्ट्रिक्ट ती ठेवतं का, आणि कशावर खर्च करतं? ज्यांनी वीस वर्षं गच्चीची पानं काढली नाहीत, ते नव्या गच्चीचंही तेच करतील.

वडिलांच्या गावच्या वर्गणीबद्दल वाचून बरं वाटलं. सातारा म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापलेली रयत शिक्षण संस्था आणि तिचा मुष्टी फंड आठवणारच. घरोघर रोज मूठभर धान्य बाजूला काढून त्यावर वसतिगृहं चालली. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाला कर्ज काढून शाळा बांधणं खटकतं, हे मी समजू शकते. पण वर्गणीचं बळ कशात असतं? सगळं गाव एका शाळेभोवती असतं, कुणी काय दिलं हे सगळ्यांना माहीत असतं आणि दोन खोल्या गवंडी-सुताराच्या श्रमदानाने उभ्या राहू शकतात. कॅलिफोर्नियात शाळेची इमारत तशी बांधता येत नाही, आणि ते बरंच आहे. १० मार्च १९३३ ला संध्याकाळी लाँग बीचला भूकंप झाला आणि शाळांच्या कितीतरी इमारती कोसळल्या. मुलं घरी गेली होती म्हणून वाचली. बरोबर महिन्याभरात, १० एप्रिलला, फील्ड ॲक्ट झाला. तेव्हापासून राज्याच्या आर्किटेक्ट विभागाने नकाशे तपासल्याशिवाय पब्लिक स्कूल बांधता येत नाही आणि काम चालू असताना तपासनीस उभा असतो. शिवाय सरकारी कामावर मजुरांना ठरवून दिलेला दर द्यावाच लागतो. ‘एका स्वच्छतागृहाला एवढे पैसे?’ असं यजमान म्हणत असतील तर त्यातला बराचसा भाग इथे आहे.

वर्गणी तिथेही आहेच. एज्युकेशन फाउंडेशन, पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ दरवर्षी पैसे गोळा करतात, त्यातून चित्रकलेचे वर्ग चालतात. पण ती सधन वस्तीत भरपूर जमते आणि दोन मैलांवर जमत नाही. बॉण्डमध्ये मात्र ऑफिसं, मॉल, गोदामं यांच्यासकट डिस्ट्रिक्टमधली सगळी मालमत्ता व्हॅल्यूच्या प्रमाणात भरते.

७४ कोटींबद्दल. तीस वर्षांची फेड आणि साडेचार टक्क्यांच्या आसपास व्याज धरलं तर ४० चे साधारण तेवढेच होतात. तुम्ही १९९८ साली घर घेताना सही केलेल्या कागदावर कर्जाच्या मानाने फेडीचं प्रमाण याहून मोठं असणार, कारण तेव्हा गृहकर्जाचे दर सात टक्क्यांच्या घरात होते. म्हणजे पावणेदोनपट ते दुप्पट हे प्रमाण घाबरण्यासारखं नाही. घाबरण्यासारखं कसं असतं, तेही सांगते. सॅन डिएगोजवळच्या पोवे स्कूल डिस्ट्रिक्टने २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर असे उचलले की पहिली वीस वर्षं काहीच फेडायचं नाही. त्याची एकूण फेड शंभर कोटींच्या जवळ गेली. त्यावर इतका गदारोळ झाला की २०१३ मध्ये राज्याने कायदा करून अशा रोख्यांना मुद्दलाच्या चौपटीची आणि पंचवीस वर्षांची मर्यादा घातली. यजमानांनी डिस्ट्रिक्टला विचारायचं ते एवढंच: ‘या बॉण्डमध्ये फेड पुढे ढकलणारे रोखे वापरणार आहात का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर ७४ कोटींची काळजी तिथे संपली.

‘आपली मुलं शिकून गेली’ हे मात्र मला मान्य नाही. तुमची मुलं ज्या वर्गांत बसली ते वर्ग त्यांच्या आधीच्या लोकांनी बांधले होते, त्यांतल्या अनेकांची मुलं तेव्हा मोठी झालेली होती. शिवाय त्या वर्गांपैकी काही आठवून बघा. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने किंडरगार्टन ते तिसरीचे वर्ग वीस मुलांपर्यंत खाली आणायला शाळांना पैसे दिले. एका वर्षात हजारो जादा खोल्या लागल्या. मग ट्रकवरून आणलेल्या पोर्टेबल खोल्या मैदानात मांडल्या गेल्या. लोखंडी रॅम्प, पाऊल टाकलं की घुमणारी फळ्यांची जमीन, भिंतीत बसवलेला एसी, जो लागला की बाईंचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. तात्पुरत्या म्हणून आलेल्या त्या खोल्यांत आज तुमच्या मैत्रिणीची मुलं बसतात. तुमच्या यादीत ‘पोर्टेबलच्या जागी पक्क्या खोल्या’ असं आहे ते याचसाठी. आणि रविवारची मराठी शाळा कुठे भरते? डिस्ट्रिक्टच्याच खोल्यांत. कॅलिफोर्नियात सिव्हिक सेंटर ॲक्ट आहे म्हणून शाळेच्या वेळेनंतर या जागा आपल्या मंडळांना वापरायला मिळतात.

आता यादी. माझ्या मते सगळा निर्णय या तीन पानांवर अवलंबून आहे, आणि भांडणात नेमका तिचाच उल्लेख कुणी केलेला नाही. यजमान कराबद्दल बोलतात, मैत्रीण मुलांबद्दल, तुम्ही कृतज्ञतेबद्दल. प्रत्यक्षात मत मागितलं जातंय ते ठरावीक कामांना. २००० सालापर्यंत शाळेच्या बॉण्डला दोन तृतीयांश मतं लागत. साठ टक्के लोकांनी हो म्हटलेले बॉण्डही पडायचे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ३९ ने ही अट ५५ टक्क्यांवर आणली, पण बदल्यात मतदारांच्या हातात काही गोष्टी दिल्या: कामांची यादी आधी जाहीर करायची, त्या पैशातून पगार द्यायचे नाहीत, दरवर्षी दोन ऑडिट करायची आणि नागरिकांची देखरेख समिती नेमायची. यादी न वाचता ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्या बदल्यात मिळालेली गोष्टच सोडून देणं.

तुमच्या यादीत छपरं, वायरिंग, एसी-हीटिंग, स्वच्छतागृहं, पोर्टेबल काढणं, हायस्कूलच्या मैदानावर कृत्रिम गवताचं स्टेडियम आणि ‘वर्गातली तांत्रिक उपकरणं’ असं सगळं एका माळेत आहे. ते एकसारखं नाही. बार्बरा बियासी, ज्युलियन लाफॉर्च्युन आणि डेव्हिड शोनहोल्झर या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक राज्यांतल्या शाळा-बॉण्डचा अभ्यास २०२४ मध्ये मांडला. त्यात दिसलं की हवा खेळती ठेवणं, तापमान, सुरक्षितता यांवर पैसे गेले तिथे मुलांचे गुण सुधारले, पण घरांच्या किमती फारशा हलल्या नाहीत. खेळाच्या सुविधांवर गेले तिथे घरांच्या किमती वाढल्या, गुण नाही वाढले. ‘बॉण्ड झाला की घराचा भाव वाढेल’ असं तुम्हाला मंडळात कुणी सांगेल तेव्हा हे लक्षात असू द्या. ज्या कामाने भाव वाढतो ते आणि ज्याने मुलं शिकतात ते, ही बहुधा वेगवेगळी कामं असतात.

एसी-हीटिंगला चैन समजू नका. २०१८ च्या नोव्हेंबरात ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्याचा धूर बे एरियावर बसला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ते दिवस तुम्ही पाहिले आहेत. चांगले फिल्टर लावलेल्या वर्गात अशा वेळी मुलांना निदान बसवता येतं.

उपकरणांच्या ओळीवर मात्र माझी शंका आहे. लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टने २०१३ मध्ये बॉण्डच्या पैशातून मुलांना आयपॅड द्यायची मोठी योजना काढली. ती पुढच्याच वर्षी गुंडाळावी लागली. चार वर्षांत जुनं होणारं यंत्र तीस वर्षांच्या कर्जावर घ्यायचं का, हा प्रश्न कुणीही विचारावा. काही डिस्ट्रिक्ट अशा वस्तूंसाठी तीन-चार वर्षांत फिटणारे वेगळे छोटे रोखे काढतात. तुमच्याकडे तसं आहे का, विचारा. आणखी एक बघा. यादीच्या भाषेत ‘करू शकतो’, ‘इत्यादी’, ‘निधी उपलब्ध असल्यास’ असं किती वेळा आलंय? जवळजवळ प्रत्येक बॉण्डमध्ये एक वाक्य असतं, की यादीत नाव आलं म्हणजे ते काम होईलच असं नाही. म्हणून क्रम विचारा. पैसे कमी पडले तर आधी काय सोडणार, स्टेडियम की पोर्टेबल? स्कूल बोर्डाने कामांचा क्रम ठराव करून जाहीर केला असेल तर तो शोधा. नसेल तर तो मागायला मतदानाआधीचे हे दिवसच उपयोगाचे. निकालानंतर कुणाला तुमच्या प्रश्नाची घाई नसते.

पट घटण्याचा मुद्दा यजमानांचा सगळ्यात जोरदार मुद्दा आहे, तो उडवून लावू नका. बे एरियातल्या काही डिस्ट्रिक्टनी अलीकडच्या वर्षांत शाळा बंद केल्या आहेत. घरं इतकी महाग की लहान मुलांची कुटुंबं टिकतच नाहीत. मुलं कमी झाली तरी उरलेल्या मुलांच्या डोक्यावर छप्पर लागतं हे खरं. पण पाच वर्षांनी जी शाळा बंद करायची तिला आज नवी छपरं घालणं हा शुद्ध अपव्यय. डिस्ट्रिक्टकडे इमारतींचा मास्टर प्लॅन आणि पटाचा पुढचा अंदाज असतो. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं, की ज्या शाळांचा पट झपाट्याने घसरतोय त्या यादीत आहेत का आणि त्यांच्यावर काय खर्च ठरलाय.

बॉण्ड पडला तर काय, तेही तागडीत टाकायला हवं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राज्याने प्रपोझिशन २ खाली १० अब्ज डॉलरचा बॉण्ड मंजूर केला, त्यातले साडेआठ अब्ज शाळांसाठी. जुनी इमारत सुधारायला राज्य साधारण ६० टक्के देतं, उरलेले ४० डिस्ट्रिक्टने घालायचे. स्थानिक बॉण्ड नसेल तर हे ४० कुठून आणणार? तुमचा वाटा नाही म्हणून दुसऱ्या गावाची शाळा आधी दुरुस्त होईल. मात्र राज्याचे पैसे रांगेत उभं राहून मिळतात आणि रांग लांब असते. डिस्ट्रिक्टने ते मिळालेच असं धरून आकडे मांडले असतील तर तेवढे वजा करून वाचा.

माझा कल विचाराल तर या यादीला मी ‘हो’ म्हणेन. त्यातला मोठा भाग मुलं रोज ज्यात बसतात त्याचा आहे. पण फेडीच्या रोख्यांचं, कामांच्या क्रमाचं आणि बंद होऊ घातलेल्या शाळांचं उत्तर समाधानकारक आलं तरच. गोलमाल उत्तरं आली तर ‘नाही’ म्हणण्यात कसलीही कृतघ्नता नाही. पडलेला बॉण्ड सुधारलेली यादी घेऊन पुढच्या निवडणुकीत परत येऊ शकतो, आणि येतोही.

‘गेल्या बॉण्डचं काय झालं ते कुणी सांगत नाही’ असं यजमान म्हणतात. सांगावंच लागतं. देखरेख समितीची इतिवृत्तं आणि अहवाल वेबसाइटवर ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, दोन्ही ऑडिटही मागून बघता येतात. ते उघडा. समितीच्या बैठका झाल्याच नसतील, अहवाल दोन वर्षं जुना असेल, तर तीच मोठी माहिती समजा आणि ‘नाही’च्या बाजूला मांडा. नीट असेल तर यजमानांसाठी एक गोष्ट सुचवते. बॉण्ड मंजूर झाल्यास साठ दिवसांत नवी समिती नेमायची असते. किमान सात सदस्य, त्यांत ज्येष्ठ नागरिकांच्या संघटनेतला एक, करदात्यांच्या संघटनेतला एक, व्यापार-उद्योगातला एक, पालक दोन. डिस्ट्रिक्टचा नोकर किंवा ठेकेदार चालत नाही. काम बिनपगारी, मुदत दोन वर्षांची. कितीतरी ठिकाणी या खुर्च्यांसाठी माणसं शोधत हिंडावं लागतं, आणि खर्चाचे हिशेब कळणारा माणूस तर दुर्मीळच. समिती कामं ठरवत नाही, पण पैसे यादीबाहेर गेले तर ते उघडपणे सांगते. ज्यांच्या मनात शंका आहे अशा माणसाची तिथे खरी गरज असते.

घरातल्या धुसफुशीबद्दल. एका घराचं एकच मत असलं पाहिजे, हे तुम्ही कुठून धरून चाललात? कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराला मतपत्रिका पोस्टाने येते, तुमच्या घरी दोन येतील. दोन लिफाफे, दोन सह्या. एकमेकांची मतपत्रिका भरू नका आणि भरलेली बघायचा हट्टही धरू नका. पत्रात तुम्ही यजमानांचं मत सविस्तर लिहिलंय, मैत्रिणीचंही, आणि तुमचं स्वतःचं मत कुठेच नाही. वडील शिक्षक होते, तुम्ही स्वतः मुलांच्या शाळेत वर्षानुवर्षं मदतीला जात होतात. त्या इमारती तुम्ही यजमान आणि मैत्रीण या दोघांपेक्षा जास्त जवळून पाहिल्या आहेत. शक्य असेल तर यादीतल्या दोन शाळा पुन्हा बघून या, आणि मतपत्रिकेसोबत येणाऱ्या मतदार माहितीपुस्तकातलं कराच्या दराचं निवेदन व काउंटीच्या वकिलाचं तटस्थ विश्लेषणही वाचा. डिस्ट्रिक्टला सरकारी पैशाने प्रचार करता येत नाही, त्यामुळे त्याची पत्रकं माहिती देतात, पण चांगलीच बाजू आधी दाखवतात. ‘हो म्हणा’ ही मोहीम वेगळी असते. तिला पैसे कुणी दिले हे जाहीर करावं लागतं. देणगीदारांत आर्किटेक्ट आणि बांधकाम कंपन्याच दिसल्या तर त्यावरून बॉण्ड वाईट ठरत नाही, पण यादीतली मोठी कामं आणखी एकदा वाचावीत.

निवृत्तीनंतर कर झेपेल का, ही यजमानांची न बोललेली काळजी असू शकते. पार्सल टॅक्समध्ये अनेक ठिकाणी ज्येष्ठांना सूट असते, बॉण्डमध्ये नसते. मात्र वय ६२ किंवा जास्त, उत्पन्न कमी आणि घराच्या किमतीचा किमान ४० टक्के भाग कर्जमुक्त असेल तर राज्याच्या कंट्रोलरकडे प्रॉपर्टी टॅक्स पुढे ढकलण्याची योजना आहे. घर विकताना तो व्याजासह भरावा लागतो. तुम्हाला लागेल असं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणा एकट्या आजी-आजोबांना लागेल. टेक्सासमधल्या वाचकांसाठी नियम वेगळे: तिथे साधं बहुमत पुरतं, मतपत्रिकेवर ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’ असं छापावंच लागतं, आणि राहत्या घराच्या मालकाचं वय ६५ झालं की शाळेच्या करावर कमाल मर्यादा बसते.

राहिली मैत्रीण. तिचा राग धरू नका. मत नसताना मुलांच्या शाळेचं भवितव्य दुसऱ्यांच्या हातात असणं ही असहाय करणारी गोष्ट आहे. पण अंगणातली पाटी तुमच्या दोघांच्या अंगणात लागणार, आणि यजमान तयार नसतील तर ती लावू नका. तिला सांगा, ‘फोन करेन, पण मत कुणाला द्या हे सांगणार नाही. यादी कुठे मिळते आणि काय विचारायचं ते सांगेन.’ बॉण्ड ५५ टक्क्यांच्या रेषेवर अडकतात, तेव्हा वाचून आलेली वीस घरं कमी नाहीत. तिलाही करण्यासारखं आहे. स्कूल बोर्डाच्या बैठकीत बोलायला नागरिकत्व विचारत नाहीत, ती पोर्टेबलमधल्या मुलांची आई म्हणून उभी राहू शकते. एकच सावधगिरी, तिच्यासाठी आणि एच-वन वा ग्रीन कार्डवरच्या सगळ्याच वाचकांसाठी: डीएमव्हीत लायसन्सचं काम करताना मतदार नोंदणीच्या खान्यात चुकूनही होकार भरू नका. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं, पण ते फक्त तेवढ्यापुरतं, बॉण्डला नाही. चुकीने झालेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकते.

बोर्डाच्या नियमित बैठकीचा अजेंडा किमान ७२ तास आधी लागतो. त्यात बॉण्डचा विषय दिसला की तुम्ही तिघं एका गाडीतून जा आणि फेडीच्या रोख्यांचा प्रश्न यजमानांना विचारू द्या.